सांगोल्याचं पहिलं पाणी

९ जानेवारी, सोलापूर

संक्रांतीच्या तोंडावर सोलापूर सोडून बाहेर जायचं म्हणजे ताईच्या लेखी पापच. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर आलेली, गल्लोगल्ली नंदीध्वज पेलायचा सराव चाललेला, आणि आम्ही निघालो डाळिंबाच्या बागा बघायला. आम्ही म्हणजे मी आणि तिचा मुलगा. हा माझा भाचा स्पेनमध्ये तेरुएल प्रांतात असतो. तिथल्या काळ्या ट्रफलच्या, म्हणजे खाण्याच्या एका बुरशीच्या, बागांमध्ये जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रं बसवायचं त्याचं काम. सुट्टीला घरी आला तरी डोकं मातीतच. सांगोल्याला दाजींचे चुलतभाऊ आहेत, तात्या. त्यांनी मागच्या वर्षी बागेत सेन्सर बसवून घेतलेत. ते धड चालतात का, ते बघून देईन असं यानं फोनवर कबूल करून टाकलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं बॅगेतून एक सीलबंद बाटली काढली. आत मिठाच्या पाण्यात एकच ट्रफल, कोळशाच्या खड्यासारखी काळी आणि खडबडीत. झाकण फिरवलं मात्र, ताई उठून थेट स्वयंपाकघरात गेली, गॅस चालू राहिलाय का बघायला. तिचं नाक तसं चुकलं नव्हतं. ट्रफलच्या वासात डायमिथाइल सल्फाइड नावाचा गंधकाचा पदार्थ असतो, आणि सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून मिसळतात तेही गंधकाचंच. जमिनीखालची ट्रफल कुत्रा याच वासावर हुडकतो. पूर्वी डुकरं नेत, पण डुकराला ट्रफल माणसाइतकीच आवडते आणि त्याच्या तोंडातून ती काढून घेणं हे जोखमीचं काम. दुकानात ट्रफल ऑइल म्हणून जे मिळतं त्यातल्या बहुतेकात वास कारखान्यात बनवलेला असतो, हेही त्याच्याकडूनच कळलं. पुण्यातल्या एका हॉटेलात त्या तेलाच्या चार थेंबांसाठी मी मोजलेले पैसे मला आठवले. ते मी ताईला सांगितले नाहीत.

मग दाजींनी त्याला खोदून खोदून विचारलं. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी बुरशी. ओक किंवा हेझलनटच्या मुळांशी तिची भागीदारी असते: झाड तिला साखर पुरवतं, ती झाडाला पाणी आणि खनिजं मिळवून देते. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये रोपवाटिकेतच मुळांवर ही बुरशी चढवलेली रोपं मिळू लागली, तेव्हापासून ट्रफल जंगलातून शेतात आली. तेरुएलमध्ये सारिओन नावाचं हजारेक वस्तीचं गाव आहे, त्याच्या आसपास मैलोन् मैल ओकच्या बागा. लावणीनंतर पहिली ट्रफल हाती यायला पाच-सात वर्षं, कधी दहा. तोवर शेतकऱ्याला दिसतं काय, तर झाडाभोवतीचं गवत जळून उघडं पडलेलं एक वर्तुळ. त्यावरून खाली बुरशी जिवंत आहे असं समजून चालायचं. उन्हाळ्याच्या आधी खाली बारीक गाठी धरतात, त्या उन्हाळाभर पोसतात आणि डिसेंबर ते मार्च काढणी. ऑगस्टमधला वळीव चुकला की हिवाळ्यात कुत्रा रिकामाच परत येतो.

“म्हणजे कोरडवाहूच की,” दाजी म्हणाले.

पूर्वी होती. आता उन्हाळे इतके तापतात आणि कोरडे जातात, की ज्याच्याकडे पाणी त्याच्याकडेच माल. पण पाणी भरमसाट दिलं तर दुसऱ्याच बुरशा माजतात आणि काळी ट्रफल मागे हटते. जमिनीला कमी पडलेलं पाणी सगळं भरून काढण्यापेक्षा निम्म्याच्या आसपास भरावं, असा तिथल्या प्रयोगांचा कल. तेवढंच आणि वेळेवर द्यायचं तर खाली किती ओल आहे ते कळायला हवं. म्हणून सेन्सर.

१० जानेवारी, केगाव

सकाळी पुणे रस्त्यावरच्या केगावला गेलो. तिथं २००५ साली सुरू झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंब म्हटलं की आपल्याला भगवा एवढंच ठाऊक. इथं ‘सोलापूर लाल’ नावाचं, लोह आणि जस्त जास्त असलेलं वाणही तयार झालंय. खांबावर हवामान मोजणारं यंत्र, बुंध्याशी नळ्या, पानं किती वेळ ओली राहतात ते सांगणारा चपटा सेन्सर. हा शेवटचा मला फार पटला. पान बराच वेळ ओलं राहिलं की डाळिंबावरचा तेल्या रोग पसरतो, आणि तेल्याने या जिल्ह्यातल्या किती संसारांची घडी विस्कटली ते इथल्या कुणालाही विचारावं.

दुपारी शेंगाचटणी घेतली, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी हुतात्मा दिनाची तयारी बघितली आणि सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर टेकलो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात संत होण्यासाठी आधी पाण्याचं काहीतरी करावं लागत असणार.

११ जानेवारी, मंगळवेढा

सांगोल्याला जाताना वाटेत मंगळवेढा लागतं. खरं तर दुपारी चहापुरतं थांबायचं होतं. राहिलो रात्रीपर्यंत, कारण हुरडा.

दाजींच्या ओळखीच्या एका अण्णांचं रान. काळी कसदार जमीन, नजर जाईल तिथवर मालदांडी ज्वारी. शेणकुटांच्या आगटीत कणसं भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून गरम दाणे पुढ्यात टाकत होते. सोबत शेंगाचटणी आणि गूळ. मी किती खाल्ला ते लिहीत नाही.

भाचा मात्र अण्णांच्या मागे मागे रानात. या ज्वारीला एकही पाणी दिलेलं नव्हतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात जमिनीनं जे पोटात घेतलं, त्यावर पीक उभं. थंडी वाढत जाते तशी ही जमीन भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून अण्णा कोळपण्या करतात. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात. “एक कोळपणी म्हंजी अर्धं पाणी,” ते म्हणाले. भाच्यानं पायाशीच एका भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. मग त्यानं सांगितलं, की अशा मातीत सेन्सर बसवणं म्हणजे डोकेदुखी: माती आकसली की सेन्सर आणि माती यांच्यात फट पडते, सेन्सर हवा मोजत बसतो आणि मोबाइल ओरडतो की जमीन वाळली, पाणी सोडा.

अण्णांना यंत्राचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. त्यांची तक्रार वेगळी. काढणीला माणसं मिळत नाहीत. ज्वारी मुळासकट उपटायची, कणसं खुडायची, कडबा बांधायचा. एवढं वाकायला आता कुणी तयार नाही. दोन्ही मुलं ऊस लावा म्हणतात. उसाला टोळी येते, तोडून नेते, कारखाना पैसे देतो.

दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी खुली करणारे दामाजीपंत याच गावचे. त्यांच्या देवळात जाऊन आलो. कोठारं उघडायला आधी ती ज्वारीनं भरलेली असावी लागतात, असं मी म्हटलं, तर भाचा म्हणाला, “मावशी, लेख सुरू झाला तुझा.”

१२ जानेवारी, सांगोला

तात्यांची बाग गावापासून आत, मुरमाड माळावर. तीन एकर भगवा, पंधरा बाय दहा फुटांवर, म्हणजे एकरी २९० झाडं. प्रत्येक एकराचा व्हॉल्व्ह वेगळा. वरच्या अंगाला विहीर आणि बोअर, खालच्या अंगाला शेततळं. आंबे बहार, म्हणजे थंडीच्या शेवटी येणारी कळी, धरायचाय, म्हणून डिसेंबरपासून पाणी तोडलेलं. डाळिंबाचं हे तंत्र ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: झाडाला आधी उपाशी ठेवायचं. पानं पिवळी पडून गळतात, झाड झोपतं. मग छाटणी, शेणखत, आणि एके दिवशी हलकं पाणी. त्या पहिल्या पाण्यानं झाड खडबडून जागं होतं आणि सगळीकडून एकदम कळी निघते. ताण कमी पडला तर कळीऐवजी पालाच. जास्त झाला तर फांद्या वाळायला लागतात. हलक्या जमिनीला थोडे दिवस पुरतात, भारीला जास्त. यात बागायतदाराची सगळी हुशारी.

तात्यांना पहिलं पाणी संक्रांतीला सोडायचं होतं. त्यांच्या थोरल्या मुलाचं म्हणणं, अजून आठ दिवस थांबू. त्याच्या मोबाइलवर खालच्या एकरातला दोन फूट खोलीवरचा सेन्सर अजून ओल दाखवत होता.

“यंत्र दाखवतंय, झाड न्हाय दाखवत,” तात्या म्हणाले.

झाडं दोन्ही गोष्टी दाखवत होती, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते भाच्याच्या आलं. वरच्या दोन एकरांत जवळजवळ निष्पर्ण फांद्या. खालच्या एकराच्या एका कोपऱ्यात मात्र चाळीसेक झाडांवर हिरवी पानं शाबूत. तात्यांच्या मते ती झाडं आळशी. “दरसाल उशिराच पान गाळत्यात.” भाच्यानं बांधावर बसून उपग्रहाचा नकाशा उघडला. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाचेक दिवसांनी डोक्यावरून जातात आणि त्यांची चित्रं फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे दहा बाय दहा मीटर. तात्यांच्या लावणीत एका चौकोनात सातेक झाडं येतात, सारिओनच्या ओकबागेत तीनच. बारकावा नाही, पण रंग पुरेसा बोलका. तीन एकर पिवळट, आणि शेततळ्याला लागून एक हिरवा डाग. त्यानं मागच्या दोन वर्षांचे जानेवारी काढले. डाग तिथंच. आधी लहान, आता मोठा.

मग त्यानं सेन्सर उकरला, आणि मी पहिल्यांदा ही वस्तू जवळून पाहिली. बोटाएवढं जाळीदार नळकांडं, आत जिप्समसारखं काहीतरी, दोन वायरी. माती ओली की आत वीज सहज वाहते, कोरडी की अडते, त्यावरून झाडाच्या मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय ते कळतं. याच कामाचं जुनं साधन म्हणजे टेन्सिओमीटर: पाण्यानं भरलेली नळी, तळाला सच्छिद्र मातीचं टोक, वर काटा. पण तो ऐंशी सेंटिबारच्या (या ओढीचं माप) आसपास पोचला की नळीत हवा शिरते आणि काटा निरुपयोगी. रोज पाणी देणाऱ्या बागेला तो छान. ताण द्यायच्या दिवसांत माती त्याच्या कितीतरी पुढे वाळते, म्हणून इथं हे नळकांडं. मुरमात ते नुसतं पुरून चालत नाही. खडे आणि नळकांडं यांच्यात पोकळी राहते. भाच्यानं चाळलेली माती पाण्यात कालवली, तो चिखल भोकात ओतला, त्यात नळकांडं रुतवलं, वरून माती दाबली आणि पावसाचं पाणी वायरीच्या कडेनं खाली उतरू नये म्हणून तोंडाशी छोटी उंच भर घातली. बसवायला आलेल्या माणसानं यातलं काहीच केलं नव्हतं. सळईनं भोक, आत सेन्सर, फोटो, सही.

त्या कंपनीचं नाव मी इथं घेणार नाही, पण तिचा किस्सा सांगायलाच हवा. कोपऱ्यातला सेन्सर ओल दाखवतोय, बिघडलाय वाटतं, अशी तक्रार थोरल्यानं केली होती. तिकडून कुणी आलं नाही. ऑफिसात बसल्या बसल्या त्यांनी आकड्यालाच दुरुस्ती लावली आणि काही दिवस मोबाइल कोरडं-कोरडं दाखवत राहिला. सेन्सर खरं बोलत होता, तर त्याला खोटं बोलायला शिकवलं. आणखी एक. रात्रीच्या लाइटच्या पाळीत एकदा दोन वाजता व्हॉल्व्ह वेळेवर उघडला, वेळेवर बंद झाला, मोबाइलवर ‘सिंचन पूर्ण’ असं आलं. मोटार चालूच नव्हती, वीज गेलेली. यंत्रानं मोजला होता वेळ, पाणी नव्हे. पाण्याचा मीटर बागेत कुठंच नाही.

“आधी मीटर, मग सेन्सर,” भाचा म्हणाला. मला वाटतं या अख्ख्या दौऱ्यात ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य ते. ज्याला आपण किती पाणी देतो हेच माहीत नाही, त्यानं झाडाला किती लागतं हे मोजून काय साधणार? पण मीटर फोटोत चांगला दिसत नाही आणि त्याचं ॲपही नसतं.

संध्याकाळी ओट्यावर त्यानं मुरमाचा एक खडा घेऊन वर सौम्य आम्लाचे थेंब टाकले. खडा फसफसला. चुनखडी. ट्रफलला अशीच लागते, सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ. तात्या एकदम ताठ बसले.

“मग आमच्याकडं लाव की तुझं ते! किलोला किती म्हणालास?”

त्याला नाही म्हणावं लागलं. सारिओन सुमारे हजार मीटर उंचीवर. थंडीत तिथं पारा शून्याखाली जातो आणि ती थंडी ट्रफल पिकायला लागते. आपल्याकडे मे महिन्यात जमीन अशी तापते की ओकचं रोपच वाचवताना नाकी नऊ येतील. त्यात ही बुरशी नर-मादीसारख्या दोन प्रकारांची. २०१० मध्ये तिचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला त्या सुमारास ते उलगडलं. शेतात दोन्ही प्रकार शेजारी असल्याशिवाय फळ धरत नाही. आता चमचाभर मातीतल्या डीएनएवरून खाली बुरशीचं जाळं किती पसरलंय ते मोजता येतं.

“आमचा मरबी खालीच असतोय,” तात्या म्हणाले. “झाड पिवळं पडलं की मग कळतंय. तवर शेजारच्या मुळात गेलेला असतोय. त्याचं न्हाय का असलं काय?” २०२० च्या अतिवृष्टीनंतर या भागात मर रोग आणि खोडकिड्यानं बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. तात्यांनीही जुनी बाग तेव्हाच काढली.

“मातीतली मरची बुरशी प्रयोगशाळेत कळते, तात्या. पण तिला पाणी साचलेलं आवडतं, हे तुम्हाला मी काय सांगू.”

दोघांनीही त्या हिरव्या कोपऱ्याकडे बघितलं. मागच्या पावसाळ्यात मेलेली पाच झाडं तिथलीच होती.

१३ जानेवारी, सांगोला, भोगी

उजाडताच सगळे शेततळ्यावर. तळ्याचा कागद वरून ठीक दिसत होता. थोरला बांधाच्या बाहेरच्या अंगानं उतरला आणि तिथून ओरडला. बांधाच्या पायथ्याला लव्हाळा दाट माजलेला. आजूबाजूचा माळ करपलेला असताना तिथं लव्हाळा म्हणजे खाली ओल असणारच. आतल्या बाजूनं बघत गेल्यावर पाण्याच्या रेघेखाली वीतभर अंतरावर कागदाला चिरेसारखं भोक सापडलं. घूस, नाहीतर खेकडा, यावर बराच वेळ वाद झाला.

म्हणजे पाणी तोडलं होतं ते ठिबकचं. तळं आपलं रात्रंदिवस त्या कोपऱ्याला पाजत होतं. आळशी ठरलेली झाडं बिचारी ताणावर आलीच नव्हती.

तोडगा तात्यांनीच काढला, आणि तो मला यंत्रापेक्षा सरस वाटला. वरचे दोन एकर पुरे ताणावर आलेत, त्यांना उद्या संक्रांतीला तळ्यातूनच पहिलं पाणी सोडायचं. त्यानं तळ्याची पातळी भोकाच्या खाली उतरेल. मग कागदाला ठिगळ. खालचा एकर वाळेपर्यंत थांबेल, त्याचा व्हॉल्व्ह बंद. बापाचंही खरं, लेकाचंही खरं. थोरला सांगोल्याहून मीटर आणायला मोटारसायकलवरून गेला.

काकूंनी बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी केली होती. वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, बोरं, तिळाचं कूट. वर लोण्याचा गोळा. पंगतीत भाच्यानं हिशोब मांडला. झाडाला चार ड्रिपर, ताशी चार-चार लिटरचे. तीन एकरांना तासाभरात जवळजवळ १४ हजार लिटर जातं. सेन्सर बघून रोज एक तास जरी कमी चालवलं, तरी एवढं पाणी दर दिवसाला वाचेल. शिवाय तळ्याची गळती बंद.

मला आल्यापासून एकच विचारायचं होतं. “तात्या, वाचलेलं पाणी जाणार कुठं?”

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “आवं ताई, पाणी काय बँकेत ठेवायचं असतंय व्हय? पलीकडं दोन एकर पडीक हाय. खड्डं काढून झाल्यात.”

भाच्याला घास अडकायचाच बाकी होता. पण खरं सांगायचं तर त्याच्याकडेही याला फार बरं उत्तर नव्हतं. स्पेनमध्ये १९८५ च्या कायद्यानं जमिनीखालचं पाणीसुद्धा सार्वजनिक मालकीचं केलं. बोअर घ्यायचा तर नदीखोऱ्याच्या प्राधिकरणाची परवानगी लागते. आपल्याकडेही कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला आडकाठी आहे. बोअरची गाडी कायदा वाचत नाही. तात्यांचाच बोअर त्याच्या कितीतरी खाली गेलाय, शेजाऱ्याचा त्याहून खाली. काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या, फुटलेल्या थरांत आणि सांध्यांत. खाली खाली जाऊन आपण शेजाऱ्याचं पाणी ओढतो, नवं पाणी सापडत नाही.

“मग मी एकट्यानं ठेवू व्हय खाली?” तात्यांचा आवाज चढला. “मी हिरीत राखलं, तर शेजारच्याच्या बोअरला जातंय. टेंभूच्या, म्हैसाळच्या योजनेचं पाणी येतंय म्हणत म्हणत माझा बाप गेला. आता येतंय, कधी येतंय, कधी न्हाय. पोरीच्या लग्नाचं कर्ज हाय. दोन एकर वाढवलं तर चुकलं काय?”

काही चुकलं नाही, आणि तीच तर अडचण. ठिबक, सेन्सर, उपग्रह हे सगळं एकरी पाणी कमी करतं. शिवाराचं पाणी कमी खर्चावं असं एकाही यंत्राच्या पोटात लिहिलेलं नसतं. ते ठरवायला अख्खं शिवार एका ओट्यावर बसावं लागतं. त्याच दुपारी शेजारचे दोघं ‘इंजिनिअर’ला भेटायला आले होते, तेव्हा तात्यांनी भोकाचा किस्सा रंगवून सांगितला, मोबाइलवरचा हिरवा डाग दाखवला, आणि जाताना एक जण हळूच म्हणाला, “माझं शेततळंबी बगा की त्याच्यावर.” त्याच्या तळ्याभोवतीचा माळ निघाला तर कोरडा ठाक. तो जरा हिरमुसलाच.

तात्यांचा कुत्रा या सगळ्या काळात कंट्रोलरच्या पेटीखाली सावलीत झोपलेला. सारिओनमध्ये एवढे सेन्सर आले तरी पिकलेली ट्रफल नेमकी कुठं आहे ते अजून कुत्र्याशिवाय कुणाला धड सांगता येत नाही, असं भाचा म्हणाला. काकू म्हणाल्या, “हा तर दारात चोर आला तरी सांगत न्हाय.”

१४ जानेवारी, पंढरपूर ते उजनी

पहाटे वरच्या दोन एकरांचे व्हॉल्व्ह उघडताना आम्ही तिथं होतो. तीळगूळ घेऊन निघालो. पंढरपुरात रुक्मिणीला वाण द्यायला आलेल्या बायकांची गर्दी एवढी, की कळसालाच हात जोडले आणि टेंभुर्णीची वाट धरली.

उजनी धरण भीमानगरजवळ. १९८० मध्ये पूर्ण झालं, क्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते ती यामुळं: वापरायचं पाणी संपून तळाच्या राखीव साठ्याला हात लागलेला असतो. संक्रांतीला मात्र पाणी टुम्म. खालचा कालवा ज्या अंगाला जातो तिथं दोन्ही बाजूंना उसाचे फड, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे अडकलेले आम्ही. तात्यांच्या दोन एकरांचं पाप मला या रस्त्यावर फारच किरकोळ वाटायला लागलं. एका शेततळ्याच्या भोकाचा आम्ही एवढा छडा लावला, आणि इथं ऊस पाटाच्या पाण्यात उभा.

टेंभुर्णीत चहा घेताना तात्यांचा फोन आला. भाच्यानं स्पीकरवर टाकला. मीटर बसला. काटा फिरतोय, तात्या तासभर त्याच्यासमोरच बसून होते. पातळी भोकाखाली गेली, ठिगळ उद्या. थोरल्यानं वहीत आकडे मांडायला सुरुवात केलीय.

“आता मला एवढं सांग,” तात्या म्हणाले, “त्या दोन एकरांत पेरू घेऊ का सीताफळ? सीताफळाला पाणी कमी लागतंय म्हणत्यात. तुझं मन राखतो.”

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मंगळवेढ्याचा हुरडा अजून तोंडात होता. मी म्हटलं, “ज्वारी म्हणावं. बिनपाण्याची.”

तात्यांना ऐकू गेलं. “लावतो की, ताई. काढायला माणसं तुम्ही आणणार का पुण्याहून?”